प्रतिपिंडांचा शोध आणि राबलेले हात



२०२० सालच्या महामारीत एक शब्द घरोघरी जाऊन बसला. "तुमच्या अँटिबॉडी तयार झाल्या का हो?" असे लोक एकमेकांस विचारू लागले. प्रयोगशाळांतून त्यांची मोजणी होऊ लागली, आणि अहवालावरचा आकडा मोठा निघाला की परीक्षेत पहिला वर्ग मिळाल्यासारखे समाधान वाटू लागले. मराठीत या वस्तूला प्रतिपिंड म्हणतात. शब्द घरोघरी गेला खरा. परंतु ही वस्तू आहे तरी काय, ती प्रथम कोणाच्या ध्यानात आली, तिची घडण कशी आहे आणि ती करते काय, हे बहुतेकांना अज्ञातच राहिले.

मी डॉक्टर नव्हे आणि प्राध्यापकही नव्हे. माझे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले आणि वाचन झाले ते रात्री, कचेरी बंद झाल्यावर. या विषयाकडे मला एका कामगाराने ढकलले. गंजलेल्या पत्र्याने त्याचा हात खोल कापला होता. दवाखान्यात त्याला धनुर्वातासाठी दोन सुया टोचल्या, आणि त्यांतली दुसरी पहिलीहून पुष्कळच महाग निघाली. तो मला म्हणाला, "अण्णा, रोग एक आणि सुया दोन, असं का? आणि दुसरीला एवढे पैसे कशाचे?" मला उत्तर देता आले नाही. ते शोधता शोधता मी सव्वाशे वर्षांहून जुन्या एका इतिहासात शिरलो. तो इतिहास आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

रक्तातील गुण

एकदा येऊन गेलेला रोग सहसा पुन्हा येत नाही, हे माणसाने फार पूर्वीच ताडले होते. ख्रिस्तपूर्व ४३० मध्ये अथेन्स नगरीत भयंकर साथ आली. तीतून वाचलेली माणसेच आजाऱ्यांची शुश्रूषा निर्भयपणे करीत, कारण तो रोग त्याच माणसाला दुसऱ्यांदा प्राणघातक होत नसे, अशी नोंद थुसिडिडीस या इतिहासकाराने केली आहे. १८४६ साली उत्तर अटलांटिक समुद्रातील फेरो बेटांवर गोवराची साथ आली. तेथे गेलेल्या पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरला असे आढळले की, १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता त्या वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. ६५ वर्षे शरीराने ती ओळख जपून ठेवली होती. परंतु ही ओळख शरीरात राहते कोठे?

याचे पहिले पक्के उत्तर बर्लिनमध्ये, रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत मिळाले. तेथे दोन माणसे शेजारी शेजारी काम करीत होती. एक एमिल बेहरिंग, हा जर्मन लष्करी डॉक्टर. दुसरा शिबासाबुरो कितासातो, जपानातील एका डोंगरी खेड्यातून आलेला संशोधक. धनुर्वाताचा जंतू शुद्ध स्वरूपात वाढवून दाखविण्याचे अवघड काम कितासातोने १८८९ साली केले होते. हा जंतू प्राणवायूत वाढत नाही; म्हणून कितासातोने त्याच्यासाठी प्राणवायू काढून टाकलेली भांडी तयार केली. पुढे असे दिसले की, जंतू जखमेतच राहतो. शरीराला कमानीसारखे ताणून मारते ते त्याचे विष.

मग दोघांनी सशांना बेताबेताने त्या जंतूंची सवय करून दिली. असा ससा पुढे भारी मात्राही पचवू लागला. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी राहते त्याला रक्तजल किंवा सिरम म्हणतात. सवय झालेल्या सशाचे रक्तजल त्यांनी उंदरांना टोचले आणि मागाहून त्या उंदरांना धनुर्वाताचे जंतू दिले. रक्तजल मिळालेले उंदीर जगले. न मिळालेले मेले. ४ डिसेंबर १८९० रोजी दोघांच्या नावे हा निबंध प्रसिद्ध झाला. रोगापासून रक्षण करणारा गुण रक्तजलात असतो, आणि तो एका प्राण्याकडून दुसऱ्याला देता येतो, हा त्याचा मथितार्थ. आठवड्याभराने बेहरिंगने घटसर्पाविषयीचा निबंध एकट्याच्या नावे काढला.

१९०१ साली वैद्यकाचे पहिलेच नोबेल पारितोषिक दिले गेले, ते रक्तजलाच्या उपचाराबद्दल, एकट्या बेहरिंगला. ज्याच्या धनुर्वातावरील कामावर ही इमारत उभी राहिली तो कितासातो त्यात नव्हता. २०२४ साली जपानने त्याचे चित्र आपल्या हजार येनच्या नोटेवर छापले; मधल्या काळात १२३ वर्षे लोटली होती. संघटनेच्या कामात ज्यांनी दिवस काढले त्यांना या गोष्टीचे फारसे नवल वाटणार नाही. काम दोघांचे आणि पाटी एकाच्या नावाची, हे आपण पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे.

घोड्यांची चाकरी

उंदीर वाचविणे निराळे आणि माणसाची मुले वाचविणे निराळे. त्या काळी घटसर्प म्हणजे लहान मुलांचा काळ होता. घशात राखी पडदा धरे आणि मूल गुदमरून जाई. मुलांना पुरेल इतके रक्तजल मिळवावयाचे तर मोठे जनावर हवे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एमिल रू यांनी त्यासाठी घोडे वापरले. घोड्याला घटसर्पाचे विष थोडे थोडे वाढवीत टोचावयाचे, काही महिन्यांनी त्याच्या मानेतील शिरेतून रक्त काढावयाचे, त्याचे रक्तजल मुलांना द्यावयाचे. मुलांच्या रुग्णालयात घटसर्पाने दगावणाऱ्यांचे प्रमाण शंभरात पन्नासाहून अधिक होते, ते चोविसांच्या आसपास आले. १८९४ साली बुडापेस्टच्या परिषदेत रू यांनी हे आकडे मांडले आणि युरोपभर घोड्यांचे तबेले उभे राहिले.

या चाकरीतील एका घोड्याचे नाव इतिहासात राहिले आहे. त्याचे नाव जिम. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात तो पूर्वी दुधाची गाडी ओढीत असे. नंतर त्याला घटसर्पाच्या रक्तजलासाठी ठेवले. १९०१ साली त्याला स्वतःलाच धनुर्वात झाला आणि त्याला मारावे लागले. परंतु रोग भिनल्यावर काढलेले त्याचे रक्तजल बाटल्यांत भरून वाटले गेले. त्याने १३ मुले मेली. अपराध जिमचा नव्हता. तपासणी न करता बाटल्या बाहेर पाठविणाऱ्यांचा होता. या घटनेनंतर १९०२ साली अमेरिकेत अशा औषधांवर सरकारी देखरेख ठेवणारा कायदा झाला. सुरक्षिततेचे कायदे बहुधा असेच, कोणाचा तरी बळी गेल्यावर होतात.

आपल्याकडेही ही चाकरी घोड्यांनी केली आहे. परळची हाफकिन संस्था ही प्लेगच्या लशीसाठी प्रसिद्ध. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये ती लस मुंबईत प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच संस्थेने पुढे सर्पदंशावरील रक्तजलही घोड्यांपासून केले. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या तबेल्यातील शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे हाफकिन संस्थेला या कामासाठी दिले जात, आणि त्यातूनच सुचून १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट निघाली. कोकणात आणि घाटावर शेतात साप चावलेला जो माणूस आज वाचतो, तो कोणा एका अनाम घोड्याच्या प्रतिपिंडांनी वाचतो.

न पाहिलेल्या कुलपाची किल्ली

रक्तजलातील या गुणाला शास्त्रीय स्वरूप दिले ते पॉल एर्लिख यांनी. प्रतिपिंड या अर्थाचा जर्मन शब्दही १८९१ च्या त्यांच्या लिखाणात आढळतो. रक्तजलाचे बळ मोजण्याचे माप त्यांनी ठरवून दिले. त्यामुळे एका बाटलीत किती औषध आहे हे निश्चित सांगता येऊ लागले. त्यांची कल्पना अशी होती की, पेशीच्या अंगावर निरनिराळ्या आकारांचे खुंट असतात. विष त्यांतील जुळणाऱ्या खुंटाला किल्ली कुलपात बसावी तसे जाऊन बसते. मग पेशी तसले खुंट गरजेपेक्षा अधिक तयार करते आणि जास्तीचे रक्तात सोडून देते. तेच प्रतिपिंड.

ही कल्पना पुष्कळ वर्षे मान्य झाली आणि मग अडचणीत आली. अडचण आणली कार्ल लँडस्टायनर यांनी. माणसाचे रक्तगट शोधणारे हेच ते शास्त्रज्ञ. रसायनशाळेत नव्याने बनविलेले, निसर्गात कधीही नसलेले पदार्थ प्रथिनाला जोडून त्यांनी जनावरांना टोचले, तरी त्या पदार्थांविरुद्ध नेमके प्रतिपिंड तयार झाले. जे कुलूप काल प्रयोगशाळेत घडले, त्याची किल्ली सशाच्या अंगात आधीपासून कशी असेल? म्हणून १९३० नंतर बहुतेक विद्वान असे मानू लागले की, किल्ली आधी नसतेच. परका पदार्थ आला म्हणजे प्रतिपिंड ओल्या मातीप्रमाणे त्याच्या अंगावर दाबले जाते आणि त्याचा आकार घेते. लायनस पाउलिंग यांच्यासारख्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाने १९४० साली हेच मत मांडले. आकार आधी की पदार्थ आधी, या वादाचा निकाल प्रतिपिंडाची घडण पाहिल्याशिवाय लागणार नव्हता.

पपईचा चीक आणि एका व्यापाऱ्याची लघवी

१९३९ साली आर्ने टिसेलियस आणि एल्विन कबाट या दोघांनी रक्तजलात विजेचा प्रवाह सोडून त्यातील प्रथिने वेगवेगळी केली, आणि प्रतिपिंडे गॅमा ग्लोब्युलिन नावाच्या गटात असतात असे दाखविले. म्हणजे प्रतिपिंड हे प्रथिन आहे आणि ते कोणत्या घोळक्यात आहे, इतके कळले. पण त्या घोळक्यात लाखो प्रकार एकत्र मिसळलेले. शेकडो भाषांची पाने एका पोत्यात भरून कोणी "वाचा" म्हणावे, तशी रसायनशास्त्रज्ञांची गत झाली.

वाट दोन बाजूंनी निघाली. लंडनमध्ये रॉडनी पोर्टर यांनी सशाच्या प्रतिपिंडावर पपेन हे द्रव्य घातले. पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातील प्रथिने तोडणारा पाचक रस. मटण लवकर शिजावे म्हणून आपल्या घरांतून पपईची फोड घालतात ती याच गुणामुळे. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात असे दिसले की, पपेन प्रतिपिंडाचे वाटेल तसे चूर्ण करीत नाही. त्याचे नीट तीन तुकडे पडतात. दोन तुकडे एकसारखे, आणि परक्या पदार्थाला धरण्याची शक्ती त्या दोघांतच. तिसऱ्याला धरता येत नाही. परंतु तो सुंदर स्फटिक बनतो. ज्या अर्थी लाखो प्रकारांच्या मिश्रणातून आलेला हा तिसरा तुकडा एकजात स्फटिक होतो, त्या अर्थी तो सर्व प्रतिपिंडांत जवळजवळ सारखा असला पाहिजे.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जेराल्ड एडलमन यांनी दुसरी युक्ती केली. प्रतिपिंडाचे भाग गंधकाच्या बंधांनी सांधलेले असतात. ते बंध त्यांनी सोडविले, तेव्हा त्यातून जड आणि हलक्या अशा वेगळ्या साखळ्या निघाल्या. मग दोघांची माहिती जुळवून चित्र उभे राहिले. दोन जड साखळ्या आणि दोन हलक्या साखळ्या मिळून इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार. दोन हात आणि एक दांडा. हातांच्या टोकांचा भाग प्रत्येक प्रकारात निराळा, तेथे शत्रू धरला जातो. दांडा एका वर्गातील सर्वांना सारखा, तो पुढच्या कामासाठी.

आता त्या पोत्यातील एकच भाषा वेगळी कशी मिळाली, ते सांगतो. १८४५ साली लंडनमधील ४५ वर्षांचा एक व्यापारी हाडांच्या असह्य दुखण्याने अंथरुणाला खिळला. त्याच्या लघवीत विलक्षण गुण होता. त्यातील साका तापविला की विरघळे आणि निवला की पुन्हा धरे. डॉक्टरांनी नमुना हेन्री बेन्स जोन्स या रसायनज्ञाकडे पाठविला. रोगी थोड्याच दिवसांत, १८४६ च्या प्रारंभी वारला. त्या प्रथिनाला बेन्स जोन्स यांचे नाव मिळाले, आणि ते कशाचे बनले आहे हे शंभर वर्षे कोणालाही उमगले नाही. १९६२ साली एडलमन आणि त्यांचा विद्यार्थी जोसेफ गॅली यांनी दाखविले की, हे प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाच्या हलक्या साखळ्याच होत.

याचे कारण असे. प्रतिपिंड बनविणारी एखादी पेशी कर्करोगाने बेफाम वाढली की ती आणि तिची सारी प्रजा एकाच प्रकारचे प्रतिपिंड ढिगांनी बनवितात. निरोगी माणसाच्या रक्तात जे लाखोंच्या मिश्रणात हरवते, ते या दुर्दैवी रोग्यांच्या रक्तात आणि लघवीत शुद्ध स्वरूपात सापडते. अशा एका रोग्याच्या प्रतिपिंडावरूनच एडलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली त्यातील १,३२० घटकांची संपूर्ण जुळणी वाचून दाखविली. १९७२ चे नोबेल पोर्टर आणि एडलमन यांना मिळाले, आणि ते योग्यच झाले. परंतु पाठ्यपुस्तकातील ते सुबक चित्र ज्यांच्या रोगाने शक्य केले, ती माणसे मात्र अनामिकच राहिली.

कोंबडीचा साक्षीपुरावा

प्रतिपिंड बनविते कोण? १९४८ साली स्वीडनच्या अस्ट्रिड फाग्रेउस या विदुषीने आपल्या प्रबंधात दाखविले की, हे काम प्लाझ्मा पेशींचे. या पेशी येतात कोठून, याचा धागा मात्र अनपेक्षित ठिकाणी लागला.

कोंबडीच्या शेपटीजवळ, आतड्याच्या अखेरीस एक लहानशी पिशवी असते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ फाब्रिशियस याचे नाव तिला दिलेले आहे. ती कशासाठी आहे हे ठाऊक नव्हते. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक हा विद्यार्थी कोंबड्यांच्या पिलांतील ही पिशवी काढून काय होते ते पाहत होता. त्याचा सहाध्यायी टिमोथी चँग याला वर्गात प्रतिपिंडे कशी तयार होतात ते दाखविण्यासाठी काही कोंबड्या हव्या होत्या. ग्लिकने आपल्याकडच्या दिल्या. प्रात्यक्षिक फसले, कित्येक कोंबड्यांत प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत. चौकशी करता कळले की, त्यांची पिशवी काढलेली होती. फसलेल्या त्या तासातून मोठा शोध निघाला. नामांकित नियतकालिकाने निबंध परत पाठविला, म्हणून तो १९५६ साली कुक्कुटपालनाच्या मासिकात छापला गेला, आणि पुष्कळ वर्षे फारसा कोणी वाचला नाही. आज ज्या पेशींना बी पेशी म्हणतात त्यातील 'बी' हे त्या पिशवीच्या नावाचे पहिले अक्षर होय. माणसात ही पिशवी नसते. आपल्या बी पेशी हाडांच्या मगजात तयार होतात.

निवड आणि जुळणी

आता जुन्या वादाचा निकाल. १९५५ साली नील्स येर्ने यांनी, आणि १९५७ साली डेव्हिड टाल्मेज व मेलबर्नच्या फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी एर्लिखची कल्पना नव्या रूपात पुढे आणली. बर्नेट यांचे म्हणणे असे: प्रत्येक बी पेशी एकाच आकाराचे प्रतिपिंड धारण करते. असे लाखो आकार शरीरात आधीपासून तयार असतात. बहुतेकांच्या वाट्याला आयुष्यात कधी काम येतही नाही. परका पदार्थ येतो, तेव्हा तो ज्या पेशीशी जुळतो ती जागी होते आणि आपल्यासारख्या हजारो पेशी निर्माण करते. त्यांतल्या काही प्रतिपिंडे ओतू लागतात. काही मागे राहून ओळख जपतात. फेरो बेटांवरील वृद्धांच्या अंगात राहिली होती ती हीच ओळख. दुसऱ्याच वर्षी गुस्ताव नोसाल आणि जोशुआ लेडरबर्ग यांच्या प्रयोगाने एक पेशी एकच प्रतिपिंड बनविते या म्हणण्याला आधार मिळाला.

म्हणजे शरीर शत्रूकडे पाहून किल्ली घडवीत नाही. आधीच असलेल्या असंख्य किल्ल्यांतून जुळेल ती निवडते. पण मग एवढ्या किल्ल्या येतात कोठून? माणसाची सगळी जनुके मिळून सुमारे २०,०००, आणि प्रतिपिंडांचे प्रकार त्याहून कितीतरी अधिक. या कोड्याचे उत्तर सुसुमू तोनेगावा यांनी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे १९७६ साली दिले. जुन्या छापखान्यातील कंपोझिटर आठवा. त्याच्या पुढच्या केसमध्ये खिळे मोजकेच. पण तेच निरनिराळे जुळवून तो वाटेल तो मजकूर उभा करतो. तरुण बी पेशी हेच करते. जड साखळीच्या टोकासाठी एका खणात सुमारे ४० तुकडे, दुसऱ्यात सुमारे २३, तिसऱ्यात ६. प्रत्येक खणातून एकेक उचलला तरी साडेपाच हजार जुळण्या होतात. हलक्या साखळीच्या तीनशेंच्या आसपास जुळण्यांशी त्यांची जोडी लावली की आकडा पंधरा लाखांच्या वर जातो. शिवाय सांध्यावर काही अक्षरे कमीजास्त होतात, आणि लढाई चालू असताना पेशी आपल्या प्रतिपिंडात लहान बदल करीत अधिक घट्ट पकड साधते.

प्रतिपिंड करते काय?

प्रतिपिंड स्वतः सहसा कोणाला मारीत नाही, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. त्याचे पहिले काम अडविण्याचे. विषाच्या ज्या बाजूने ते पेशीला चिकटते ती बाजूच प्रतिपिंड झाकून टाकते. धनुर्वातात होते ते हे. दुसरे काम खूण करण्याचे. हातांनी जंतू धरला की दांडा बाहेर राहतो, आणि भक्षक पेशी त्या दांड्याला पकडून जंतू गिळतात. तिसरे काम हाक देण्याचे. रक्तातील काही प्रथिने एरवी स्वस्थ असतात. प्रतिपिंडाच्या दांड्याने हाक दिली की ती एकामागून एक जागी होऊन जंतूच्या कवचाला भोके पाडतात.

दांड्यावरून प्रतिपिंडांचे पाच वर्ग पडतात. एम वर्ग नव्या लढाईत आघाडीवर येतो. त्यात पाच वाय एकत्र बांधलेले असतात. जी वर्ग रक्तात सर्वांत अधिक, आणि आईच्या वारेतून तोच बाळाकडे जातो. ए वर्ग लाळेत, अश्रूंत आणि आईच्या दुधात. डी वर्ग मुख्यतः बी पेशींच्या अंगावरच आढळतो. ई वर्ग अत्यल्प. दमा आणि अंगावर उठणाऱ्या गांधींशी त्याचा संबंध किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी पतिपत्नींनी १९६६ साली उलगडला. गाईचे प्रतिपिंड मात्र वारेतून वासराला मिळत नाही. ते पहिल्या चिकातूनच मिळते. म्हणून खरवसाची हौस असणाऱ्याने आधी वासराला पोटभर पिऊ द्यावे, यात दयेबरोबर शास्त्रही आहे.

मालकी कोणाची?

आता शेवटचा अध्याय. सेझार मिल्स्टाइन यांचा जन्म १९२७ साली अर्जेंटिनात झाला. वडील स्थलांतरित, आई शिक्षिका. विद्यापीठात असताना अभ्यासापेक्षा विद्यार्थी संघटनेच्या कामात ते अधिक रमत. पुढे सत्तापालटानंतर ब्वेनोस आयरेस येथील त्यांच्या संस्थेतील माणसांचा छळ सुरू झाला, तेव्हा १९६३ साली राजीनामा देऊन ते इंग्लंडात केंब्रिजला आले. तेथे १९७५ साली त्यांनी आणि गेओर्ग क्योलर या तरुण जर्मन सहकाऱ्याने एक युक्ती सिद्ध केली. प्रतिपिंड बनविणारी उंदराची पेशी भांड्यात थोड्याच दिवसांत मरते. कर्करोगाची पेशी मरत नाही. दोहोंचा संकर केला. संकरित पेशी मरेना, आणि एकच ठरावीक प्रतिपिंड अखंड देत राहिली. एकशे तीस वर्षांपूर्वी त्या व्यापाऱ्याच्या अंगात जे दुर्दैवाने घडले, ते आता हवे तेव्हा, हव्या त्या प्रतिपिंडासाठी घडविता येऊ लागले.

या युक्तीचे पेटंट घेतले गेले नाही. ब्रिटिश सरकारच्या संबंधित मंडळाला तिचा तात्काळ व्यवहारी उपयोग दिसला नाही. मिल्स्टाइन मागेल त्या प्रयोगशाळेला पेशी पाठवीत राहिले. त्याच पेशींच्या साहाय्याने केलेल्या प्रतिपिंडांवर पुढे अमेरिकेतील इतरांनी पेटंटे मिळविली. १९८४ चे नोबेल मिल्स्टाइन, क्योलर आणि येर्ने यांना मिळाले. आज कर्करोगावर, संधिवातावर, आणखी कितीतरी रोगांवर अशी प्रतिपिंडे हे मोठे औषध आहे. आणि त्यांतल्या कित्येकांचा वर्षाचा खर्च आपल्याकडील कामगाराच्या वर्षाच्या पगाराहून अधिक आहे. मक्तेदारी सुटली की काय होते तेही आपण पाहिले. स्तनाच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅब या प्रतिपिंडावरचा भारतातील पेटंटाचा हक्क रोश कंपनीने २०१३ साली सोडला. त्यानंतर भारतीय कंपन्यांची तशीच औषधे कमी किमतीत आली. कुत्रा चावल्यावर जखमेत टोचावयाचे असे एक प्रतिपिंड पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही अमेरिकन संस्थेच्या सहकार्याने बाजारात आणले आहे.

कारखाना काढणाऱ्याला भांडवल लागते, त्याचा परतावा त्याला मिळावा, हे मी नाकारीत नाही. परंतु हे ज्ञान कोणाच्या घामातून आले याचा हिशेब मांडताना कितासातोला, जिमला, त्या व्यापाऱ्याला, ग्लिकच्या कोंबड्यांना आणि पेशी फुकट पाठविणाऱ्या मिल्स्टाइनला वगळता येणार नाही. हा हिशेब पुरा मांडला, तर औषधाच्या किमतीत समाजाचाही वाटा आहे, हे कबूल करावे लागेल.

राहिले त्या कामगाराचे उत्तर. भाऊ, पहिली सुई लशीची. तीत निर्विष केलेले धनुर्वाताचे विष असते. ती तुझ्या शरीराला शिकविते, आणि तुझे शरीर स्वतःचे प्रतिपिंड घडविते. त्याला दिवस लागतात, पण ते टिकते. दुसरी सुई तयार प्रतिपिंडांची, दुसऱ्याच्या रक्तातून उसनी आणलेली. ती लागलीच कामाला येते आणि काही आठवड्यांत संपते. माणसाच्या किंवा घोड्याच्या रक्तातून ती काढावी लागते, म्हणून ती महाग. पहिल्या सुईचा क्रम ज्याने पुरा केला आहे आणि दर दहा वर्षांनी जो ती पुन्हा घेतो, त्याला दुसरीची गरज सहसा पडत नाही. तेव्हा प्रत्येक कारखान्यात पहिली सुई प्रत्येकाला वेळेवर मिळाली पाहिजे. हे उत्तर मी त्या कामगाराला दिले, आणि पुढच्या मागणीपत्रात ते कलम घातले.